अळणी सोमवार

शिवी द्यायला आमच्या घरी कुणाला राग यावा लागत नसे. सकाळी उठून माणूस चूळ भरतो तितक्या सहज आमचे बाबा दिवसाची पहिली शिवी देत. ती बहुधा शेजारच्या वाडीतल्या कोंबड्याला असे. मग बैलाला, मग गळक्या पन्हळीला, मग दाव्याच्या न सुटणाऱ्या गाठीला. पूजा करताना शाळिग्राम बोटांतून निसटला तर त्याचीही सुटका नव्हती. त्याला उचलून, पुसून, डोळ्यांना लावून बाबा विचारायचे, "पळतोस कुठं रे रांडेच्या?" त्या विचारण्यात अशी काही माया असे की देव रागावला असेल असं मला आजतागायत वाटलेलं नाही.

आम्हा भावंडांना बारशाची नावं होती, पण ती बाबांच्या तोंडून निघाली की आम्ही धूम ठोकायचो. नावाने हाक म्हणजे प्रकरण गंभीर, पाठीत धपाटा ठरलेला. शिवी घालून बोलावलं तर हातावर खोबऱ्याचा तुकडा मिळायचा. आई बाबांइतकी पोहोचलेली नव्हती, पण चुलीतलं ओलं लाकूड धुरावलं की तीही त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करी. सगळा गावच तसला. हल्ली रस्त्यावर पोरं शिव्या देतात त्या ऐकून माझं डोकं फिरतं, आणि ते शिव्या देतात म्हणून नव्हे. एकच शब्द घासून घासून वापरतात मेले, त्यात चव ना ढव. आमचे बाबा बैलावर बोलायला लागले की जाणारी-येणारी माणसं बांधावर टेकायची. त्यातलं फारसं काही मी इथं लिहीत नाही. छापणारा बिचारा मुलाबाळांचा धनी असायचा.

आमचा गाव खाडीपलीकडे आत, रत्नागिरीहून पायी एका सकाळच्या वाटेवर. थोडी भातशेती, थोड्या पोफळी आणि देवळातली पूजा यांवर घर चालायचं. गावची शाळा संपली तेव्हा मास्तरांनी बाबांना सांगितलं की पोराला डोकं आहे, त्याला रत्नागिरीला इंग्रजी शाळेत घाला. बाबांनी मास्तरांना, इंग्रजी शाळेला आणि माझ्या डोक्याला मिळून एक सणसणीत शिवी दिली, आणि चार दिवसांनी माझं गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेऊन खाडी ओलांडायला तरीत बसले. विसाचं दशक तेव्हा सरत आलं होतं.

गरिबाच्या मुलाने शहरात राहून शिकायचं तर त्या काळी एकच वाट होती, ती म्हणजे वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा एकेका घराने एकेक वार द्यायचा आणि त्यातून मुलाचा आठवडा भरायचा. शाळेतल्या एका मास्तरांनी खटपट करून माझे वार लावून दिले. झोपायला देवळाची ओवरी मिळाली. बाबा मला तिथं सोडून लगेचच्या तरीने परत गेले. जाताना त्यांनी मला जी शिवी दिली ती पुढे कित्येक दिवस मी उशाला घेऊन झोपलो.

सोमवारचं घर वकिलांचं होतं. वकिलांचं म्हणजे दारावरच्या पाटीपुरतं. आत राज्य वकिलीणकाकूंचं. काकू ठेंगण्या, गोऱ्या, आवाज कधी चढला नाही, पण त्यांनी भुवई उचलली की घरातलं मांजरसुद्धा बसल्या जागी सरळ व्हायचं. त्यांनी घरात अपशब्दाला बंदी केली होती. लोक पोथ्या वाचतात, उपासतापास करतात आणि तोंडाने मात्र गटार वाहवतात, हे त्यांना पटत नसे. आणि त्यांचा दंडही त्यांच्यासारखाच होता, आरडाओरडा नाही, काही नाही. ज्याच्या तोंडून वाईट शब्द गेला त्याच्या पानातलं मीठ, लोणचं, पापड उचललं जायचं आणि पुढ्यात नुसता भात आणि बिनमिठाचं वरण यायचं. ते वरण काकू रोज थोडं वेगळं काढूनच ठेवत, कारण कुणी ना कुणी लागायचंच. बहुतेकदा खुद्द वकील लागायचे. कोर्टात दावा हरून आले की पायरी चढता चढताच त्यांचं तोंड सुटायचं, आणि मग जेवायच्या वेळी ते माझ्याकडे न बघता मुकाट्याने अळणी भात कालवायचे.

मला हे सगळं आधी कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात एका सोमवारी कोकमाचं सार वाढताना पळी कलली आणि उकळतं सार माझ्या पायावर सांडलं. बस, पुढचं मी बोललोच नाही, माझ्या तोंडून बाबा बोलले. साराला, पळीला, कोकमाच्या झाडाला आणि ते लावणाऱ्याला, अगदी क्रमाने, सुरात आणि घाई न करता. संपलं तेव्हा वकिलांनी उपरणं तोंडाला लावलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. काकूंनी आधी माझ्या पायाला तूप लावलं. मग माझ्या पानातलं मीठ उचललं आणि म्हणाल्या, "आज अळणी जेव. पुन्हा असं ऐकलं तर सोमवार बंद."

सोमवार बंद म्हणजे नुसता सोमवार नव्हे. दुपारी देवळात पुराण ऐकायला बायका जमायच्या, तिथं वाराच्या प्रत्येक मुलाचा पंचनामा व्हायचा. काकूंनी वार काढून घेतला की का काढला ते त्याच दुपारी सगळ्यांना कळणार, आणि मग माझ्या आठवड्यातला एकेक दिवस पिकल्या पानासारखा गळून पडणार. वार गेले की शाळा गेली. शाळा गेली की मी पुन्हा बैलामागे. आणि काकूंचा लौकिक असा की त्या वार द्यायच्या तो मुलगा बघून नव्हे, घर बघून. माझ्या आधीच्या मुलाचा मामा म्हणे त्यांच्या ओटीवर बसून काहीबाही बोलला, तर पुढच्या आठवड्यापासून भाच्याचं पान मांडलं गेलं नाही.

मी जीभ आवळायचं ठरवलं. पण ठरवून काय होतं? ठेच लागली की शिवी दाताशी आलेलीच. ती गिळली तर ठसका लागायचा. माझ्या वर्गात भाट्याच्या किनाऱ्यावरचा, मासेमारी करणाऱ्या खारव्यांचा एक मुलगा होता. त्याच्या आजाला होडीत वाईट बोललेलं खपत नसे, म्हणून त्याने स्वतःपुरती एक युक्ती काढली होती, ती त्याने मला मोठ्या मनाने शिकवली. शिवी तोंडाशी आली की माशाचं नाव घ्यायचं. मी घेऊन पाहिलं. वाहवा, काय भरीव नावं! तारली. सुरमई. बांगडा. तोंड कसं भरून जातं, आणि मन मोकळं होतं. आठवडाभर मी असा मासे मोजत हिंडलो आणि मला वाटलं, आता गंगेत घोडं न्हालं.

बुधवारचं घर एका शास्त्रीबुवांचं होतं. सोवळं इतकं कडक की मांजराची सावली पडली तरी पाणी बदलायचे. मी पाट ओढून घ्यायला गेलो, माझा अंगठा पाटाखाली चेंगरला, आणि मी जीव खाऊन ओरडलो, "बांगडा!"

शास्त्रीबुवांचा घास हातातच राहिला. त्यांनी आधी आपल्या पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पानाकडे, जणू तो कुठे लपलाय की काय. मग ते उठले आणि विहिरीवर जाऊन डोक्यावर पाणी ओतत बसले. त्या दिवशी ते उपाशी राहिले आणि त्यांच्याबरोबर सगळं घर. बुधवार गेला. पुढे कित्येक बुधवार मी घरून आलेल्या पोह्यांवर काढले. आता हसू येतं, पण तेव्हा ओवरीवर बसून कोरडे पोहे चावताना शास्त्रीबुवांना मनातल्या मनात कोणकोणते मासे म्हणालो ते माझं मला ठाऊक.

ही बातमी देवळातल्या बायकांकडून काकूंपर्यंत पोहोचायला कितीसा वेळ? सोमवारी मी पाय ओढत त्यांच्याकडे गेलो. माझं पान मांडलेलं होतं. काकूंनी सगळी हकीकत माझ्या तोंडून ऐकून घेतली, अंगठ्यापासून विहिरीपर्यंत, आणि मग काय झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. त्या पदर तोंडात कोंबून इतक्या हसल्या की त्यांना चुलीपाशी खाली बसावं लागलं. हसून झाल्यावर त्यांनी निवाडा दिला की मासा ही शिवी नव्हे, तेव्हा नियम मोडलेला नाही, पण ब्राह्मणाच्या पंगतीत मासा आणायचा नाही एवढी अक्कल हवी. शिवी सोडायची तर तिच्या जागी तोंडाला काहीतरी द्यायला हवं, हेही त्यांना पटलं. "अरे देवा" म्हणून पाहा, म्हणाल्या. मी म्हणून पाहिलं, पण त्यात जोर येईना. मग त्यांनी परसातल्या मांडवाकडे पाहिलं आणि मला भाज्या नेमून दिल्या. किरकोळ ठेचेला दोडका, भाजलं तर पडवळ, आणि अगदीच जिवावर बेतलं तर लाल भोपळा.

काय सांगू, जमलं. वकिलांनाही जमलं. कोर्टातून हरून आलेले वकील पायरीवर उभे राहून समोरच्या पक्षाच्या वकिलाला पडवळ म्हणाले तेव्हा काकूंनी त्यांना वर पापड जास्तीचा वाढला. त्यांचा संसार सुधारला आणि श्रेय मला मिळालं. पावसाळा सरेतो माझी जीभ धुतल्या तांदळासारखी झाली. काकू मला पुराणाला घेऊन जायच्या, बायकांसमोर उभं करायच्या आणि सांगायच्या, पाहा, मनावर घेतलं की कसं सुटतं ते. मी मान खाली घालून उभा. माझे बाकीचे वारही पक्के झाले आणि आमटीच्या वाटीत डाळ दिसू लागली.

फक्त एक घोटाळा झाला होता. माझ्या तोंडात त्या शिव्या आल्या कुठून, याचा काकूंनी आपला आपणच शोध लावला होता. बंदरावरच्या पोरांची संगत, दुसरं काय. घरचं वळण चांगलं असल्याशिवाय इतक्या झटपट सुधारणा होते का, असं त्या सगळ्यांना सांगायच्या, आणि वर म्हणायच्या की याच्या वडिलांना मला एकदा भेटायचंय. हे ऐकलं की मी तांब्या उचलून परसात सटकायचो.

ती भेट टळणारी नव्हती. वर्ष संपत आलं की वाराच्या मुलाच्या बापाने येऊन त्या त्या घरी घरचं काहीतरी द्यायचं, हा रिवाजच होता. बाबा येणार, ओटीवर बसणार, तोंड उघडणार. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत काकूंना कळणार की बंदरावरची पोरं निर्दोष आहेत. मग ना सोमवार ना मंगळवार. मी गावच्या एका बाजारकऱ्याबरोबर बाबांना निरोप धाडला की वकिलांच्या घरी तोंडातून शिवी गेली तर माझे वार जातील आणि शाळा सुटेल. निरोप्या हसत सुटला. बाबांनी शिवी दिली नाही तर सूर्य समुद्रातून उगवेल, म्हणाला.

एका सोमवारी सकाळी मी खाडीवर जाऊन उभा राहिलो. तर धक्क्याला लागली आणि बाबा उतरले. खांद्यावर भाजीचा फणस, काखेत पोह्यांचं गाठोडं. मी वाकून नमस्कार केला आणि वाट पाहिली. काही नाही. निरोप मिळाला का विचारलं, तर मान हलवली. आई कशी आहे, तर मान हलवली. गाय व्यायली का, तर हाताने वासराची उंची दाखवली आणि मग दोन बोटांनी त्याच्या उड्या दाखवून हसले. मला वाटलं, घसा बसलाय की काय. मी घाबरून विचारलं तेव्हा त्यांनी ओठांवर हात ठेवला आणि वकिलांच्या घराच्या दिशेने बोट दाखवलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांना शिवी वगळून बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी बोलणंच वगळलं होतं. घरून निघाल्यापासून, डोंगर उतरताना, तरीत ओळखीची माणसं भेटली तरी, हा माणूस तोंड मिटून आला होता.

वकिलांच्या ओटीवर काकूंनी त्यांना पाट दिला, गूळपाणी दिलं. वाटेत त्रास नाही ना झाला, म्हणून विचारलं. बाबांनी हात जोडले. घरी सगळं क्षेम? हात जोडले. मुलगा गुणी आहे हो तुमचा, काकू म्हणाल्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांचे ओठ हलले, आणि त्यांनी पुन्हा हात जोडले. मी खांबाला टेकून उभा होतो.

पानं मांडली आणि वकिलांनी अगदी भल्या मनाने घात केला. त्यांची स्वतःची बाग होती, म्हणून त्यांनी विचारलं, "यंदा वानरांचा उपद्रव कसा काय तुमच्याकडे?"

दुसरं काहीही विचारलं असतं तरी चाललं असतं. वानरं म्हणजे बाबांचं खास प्रकरण. त्यांच्यासाठी बाबांनी नवी रचना केलेली होती, ती ऐकायला पलीकडच्या वाडीतून माणसं येत. बाबांचा चेहरा लाल झाला. मानेच्या शिरा फुगल्या. कानाच्या पाळ्या थरथरू लागल्या. त्यांनी तांब्या उचलला, तोंडाला लावला, आणि सगळा रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही. मग डोळ्यांत आलेलं पाणी पुसून ते वकिलांकडे पाहून गोड हसले. वकील गोंधळून भात कालवू लागले.

काकूंनी मला खूण करून स्वयंपाकघरात बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "बाळ, तुझे वडील मुके आहेत का रे? आधी नाही सांगितलंस."

हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. सोमवार राहिला असता, शाळा राहिली असती, काकूंनी वर कीवही केली असती. पण बाहेर पाटावर तो माणूस पाठ ताठ करून बसला होता. ज्याचा आवाज ऐकून बैल माना वळवायचे, तो. त्याला मी मुका म्हणू? मला ते जमेना. आणि मला त्यांचा असा काही अभिमान वाटला की माझं मलाच रडू फुटलं.

"नाही काकू," मी म्हणालो, "ते माझे वार राखतायत."

मग मी सगळं सांगून टाकलं. बंदरावरच्या पोरांनी मला काहीही शिकवलेलं नाही, ते सगळं घरचं आहे. बाबांना शिवीशिवाय बोलता येत नाही, निरोप मी धाडला होता, आणि ते सकाळपासून एक अक्षर बोललेले नाहीत. काकू ऐकत राहिल्या. त्यांची भुवई वर गेली नाही. हातात भाताचं पातेलं होतं ते घेऊन त्या तशाच बाहेर गेल्या आणि बाबांच्या पानापुढे उभ्या राहिल्या. मी दाराआडून पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, संपलं.

"हा मॅट्रिक होईपर्यंत सोमवारी इथंच जेवेल," काकू म्हणाल्या. "तुम्ही काहीही बोललात तरी जेवेल. आता तोंड उघडा, आणि अवघडून जेवू नका."

बाबांनी हातातला घास पानात ठेवला. काकूंकडे पाहिलं, वकिलांकडे पाहिलं, दाराआडच्या माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मी डोळे घट्ट मिटून घेतले, कारण सकाळपासूनचं सगळं आता एकदम येणार होतं.

"शिंचं रडूच येतंय हो, वहिनी," बाबा म्हणाले.

मी डोळे उघडले. वकील आपल्या पानात काहीतरी शोधत होते. काकू वाकून बाबांच्या पानात भात वाढत होत्या. शिवी त्या घरात कुणालाच ऐकू आली नव्हती.